पादत्राण कळतं, उरस्त्राण कळत नाही?

बसा. वह्या मिटा, हात बाकावर. खिडकीतून कांद्याचे ट्रॅक्टर मोजणाऱ्यांनीही इकडे बघा. आज धडा होणार नाही. तुमच्या गृहपाठाच्या वह्या मी काल रात्री वाचल्या, आणि वाचून जे वाटलं ते सगळ्या वर्गादेखत बोलणार आहे. ज्याला लागेल त्याला लागू दे.

काम काय दिलं होतं? 'उरस्त्राण' हा शब्द घ्यायचा, त्याचा अर्थ लिहायचा, त्याच्या गोतातले शब्द गोळा करायचे आणि ते कुठून आले ते शोधायचं. एक पान. त्यासाठी शब्दकोशांचं कपाट आठवडाभर उघडं ठेवायला सांगितलं होतं. दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश त्यात आहे, मोल्सवर्थ आहे, कृ. पां. कुलकर्ण्यांचा व्युत्पत्तिकोश आहे. काल मी त्या खंडांच्या कडेवरून बोट फिरवलं. बोट काळं झालं. एकाही मुलाने, एकाही मुलीने एकही खंड जागचा हलवलेला नाही.

आणि तरी वह्या भरलेल्या! 'उरस्त्राण म्हणजे उरातली ताकद.' निम्म्या वर्गाचं पहिलं वाक्य हेच आहे, काना-मात्रेचाही फरक नाही. म्हणजे एकाने ठोकून दिलं आणि बाकीच्यांनी उतरवून काढलं. मी सकाळी दोघांना बोलावून विचारलं, कशावरून लिहिलंत? उत्तर आलं, "बाई, आजी म्हणते ना, अंगात त्राण नाही राहिलं, म्हणून."

तुझी आजी बरोबरच बोलते. आजच्या बोलण्यात त्राण म्हणजे जोर, शक्ती. पण देवळात जाता तेव्हा पायरीशी पाटी असते, 'पादत्राणे बाहेर काढावीत'. पहिलीपासून वाचत आलात. ती वाचून पायातली ताकद काढून ठेवता, की चपला? ज्या त्राणाने पाय राखायचा ते पादत्राण. ज्याने डोकं राखायचं ते शिरस्त्राण, पुण्याच्या वर्तमानपत्रात हेल्मेटसाठी हा शब्द छापून येतो. मग ज्याने ऊर राखायचा ते काय असेल? हे कळायला शब्दकोशही लागत नव्हता. पाटी आणि बातमी शेजारी शेजारी ठेवायची होती, एवढंच. 'त्रै' हा संस्कृत धातू आहे, राखणं, वाचवणं हा त्याचा अर्थ. त्यावरून त्राण म्हणजे रक्षण. रक्षण करण्याचं बळ आणि मग नुसतं बळ, अशी त्याची मराठीतली वाट दिसते.

बरं, 'उर' आणि 'त्राण' यांच्या मधे तो 'स्' कुठून आला, हे कुणालाच विचारावंसं वाटलं नाही. मूळ शब्द 'उरस्' आहे. शिरस्, उरस्, मनस्, असे ते शब्द. शब्दाचा सांधा दिसत असताना त्यावरून नजर घसरू देता, याचा मला राग आहे. चुकीच्या उत्तराचा तेवढा नाही.

चुकीची उत्तरं तरी स्वतःची असावीत. एका वहीत आहे, 'चिलखत म्हणजे चिखलात बुडवून वाळवलेले कडक कापड.' दुसरीत, 'जिरेटोपावर जिऱ्यासारखी नक्षी असते म्हणून जिरेटोप.' तिसरीत तर दोन्ही आहेत. इतक्या छातीठोकपणे लिहिलंय की वाचणाऱ्याला वाटावं, स्वतः बघून आलेत. शब्द कानाला जसा लागला तशी त्याची गोष्ट रचायची आणि तिला व्युत्पत्ती म्हणायचं, ही आळशी माणसाची युक्ती आहे. तुम्ही ती दहावीत शिकलात. मोठेपणी सुटणार नाही, म्हणून आत्ताच बोलते.

जिरेटोपाचं ऐका. फारसीत 'जिरह' म्हणजे लोखंडी कड्यांचं विणलेलं जाळं. एकेक कडी चार कड्यांत ओवलेली, तोंड खिळ्याने ठोकून बंद केलेलं. असं जाळं अंगभर झालं की आठ-दहा किलोचा अंगरखा होतो. तलवारीचा फटकारा त्यावर सरकतो, कारण धार एकाच कडीवर न पडता शेजारच्या कड्यांत वाटली जाते. त्या जिरहवरून आपलं 'जिरे' आणि जिरे-बख्तर, जिरेटोप. फोडणीतल्या जिऱ्याचा त्याच्याशी काही संबंध नाही. माधव जूलियनांनी १९२५ साली फारसी-मराठी कोश काढला तो कशासाठी? आपल्या तोंडात किती फारसी आहे ते आपल्याला कळावं म्हणून. तुम्ही त्यांच्या कविता पाठ करता आणि त्यांनी केलेला कोश उघडत नाही.

आता याच शब्दावरून मला तुम्हाला काहीतरी दाखवायचं आहे. एवढं मात्र मान वर करून ऐका.

१० नोव्हेंबर १६५९. प्रतापगडाचा पायथा. हा प्रसंग तुम्ही स्नेहसंमेलनात दरवर्षी करता, पुठ्ठ्याची वाघनखं करता. कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून १६९७ च्या सुमारास जिंजीला बखर लिहिली, तीत या भेटीचं वर्णन आहे. महाराजांनी अंगात काय घातलं, डोक्याला काय बांधलं, हे तो एकेक सांगतो. छापील बखरीत तिथे 'जरीची कुडती' असं वाचायला मिळतं. पुढे खान कुशीत जमदाड चालवतो, तेव्हा ती या कुडतीवरून खरवडत जाते आणि अंगाला लागत नाही, असं तो लिहितो.

थांबा इथे. जर म्हणजे सोन्याची, चांदीची तार. तुमच्या आईच्या शालूच्या काठात असते ती. जमदाड म्हणजे रुंद पात्याची, मुठीत आडवी धरून भोसकायची कट्यार. तिने जरीकाम खरवडलं जाईल की आरपार फाटेल? फाटेल. पातं खरवडत जातं ते लोखंडावरून. म्हणजे त्या 'जरी'च्या पाठीमागे 'जिरह' उभा आहे, मला तरी तिथे तोच दिसतो. कुडती सोन्याची असेल वा नसेल, तिच्यात लोखंड होतं म्हणून महाराज वाचले. एका शब्दाच्या एका अक्षराकडे नीट बघितलं तर तुमच्या नाटकातल्या राजाचा पोशाख बदलतो! आणि तुम्ही त्याला जिऱ्याची नक्षी म्हणता.

ज्या राजाचं नाव घेऊन तुम्ही गाडीवर झेंडे लावता, त्याला शब्दांची किती काळजी होती, माहीत आहे? राज्याभिषेकानंतर त्याने राजव्यवहारकोश करवून घेतला. दरबारात रुळलेल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द द्यायचे, असं ते काम. रघुनाथ नारायण हणमंत्यांसारख्या माणसावर ते सोपवलं. त्यात राजवर्ग आहे, दुर्गवर्ग आहे, लेखनवर्ग आहे, आणि हत्यारांचा वेगळा शस्त्रवर्गही आहे. दक्षिणेच्या स्वारीची तयारी चालू असलेल्या काळात एक राजा शब्द वर्गवार लावून घेतो. तुम्हाला एक पान लिहायला आठवडा पुरला नाही.

चिलखताकडे येऊ. हाही फारसी वळणाचा शब्द. अकबराच्या काळच्या ऐन-इ-अकबरीत शस्त्रांची यादी आहे, तीत 'चिहलकद' नावाचं अंगत्राण सापडतं. फारसीत 'चिहल' म्हणजे चाळीस. त्याच घरातला 'चिलता', चाळीस घड्यांचा, म्हणजे खूप पदर एकावर एक शिवलेला जाड अंगरखा. चाळीस हा आकडा मोजून घ्यायचा नसतो, भरपूर एवढाच त्याचा अर्थ. चिखल कुठेच नाही. बख्तर फारसीच. 'चारआईना' हा आणखी एक, म्हणजे चार आरसे. पोलादाच्या चार पाट्या, आरशासारख्या घासलेल्या. एक छातीवर, एक पाठीवर, दोन कुशींना, आणि कुशीच्या पाट्यांना काखेपाशी खाच. त्या जाळीच्या अंगरख्यावर पट्ट्यांनी बांधायच्या. आता सांगा, जाळी असताना पाट्या कशाला? कारण फटकारा अडवणारी जाळी टोचणीला हार खाते. पेशकब्ज नावाचं अणकुचीदार, जाड पाठीचं हत्यार कडीत घुसतं आणि कडी फाकवून आत जातं. म्हणून छातीवर, जिथे आत गेलेलं टोक जीव घेतं तिथे, सलग पोलाद. शब्द वस्तूतून येतो, वस्तू गरजेतून येते. तुम्ही वस्तू बघितलीच नाही, मग शब्द कसा कळेल? इथून पुण्याला सगळेच जाता. राजा दिनकर केळकर संग्रहालयात शस्त्रं आणि चिलखतं मांडून ठेवली आहेत. लग्नाच्या खरेदीला तुळशीबागेत चार तास मोडता, तिथून ते संग्रहालय चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

आणि त्याच संग्रहालयात मस्तानीचा महाल आहे. कोथरूडला होता, तो उतरवून तिथे पुन्हा उभा केलाय. हे नाव मी मुद्दाम घेते, कारण वह्यांमधली मला सगळ्यात जास्त झोंबलेली गोष्ट तिच्याबद्दलच आहे.

चार-पाच वह्यांत लिहिलंय, 'मस्तानी छातीवर लोखंडी उरस्त्राण घालून लढत असे.' आधार काय? एकीने प्रामाणिकपणे कंसात लिहिलंय, 'सिनेमा'. २०१५ चा तो चित्रपट तुम्ही सगळ्यांनी पाहिला. त्यात नटीच्या अंगावर चिलखत आहे, ते वेशभूषाकाराने शिवलंय. दिग्दर्शकाला तो अधिकार आहे, त्याने काही इतिहासाची परीक्षा द्यायची नाही. परीक्षा तुम्हाला द्यायची आहे. दुसऱ्या गावच्या पोरांनी हे लिहिलं असतं तर मी लाल रेघ मारून पुढे गेले असते. पण तुम्ही पाबळचे! बाजीरावाने मस्तानीला जी गावं दिली त्यांत पाबळ आहे. १७४० साली बाजीराव रावेरखेडीला वारला, त्याच वर्षी तीही वारली, आणि तिची समाधी आपल्या गावात आहे. बाहेरगावची माणसं ती बघायला येतात, तुम्हाला रस्ता विचारतात. त्या बाईविषयी तुम्हाला काय माहीत आहे, हे सांगायची पाळी आली तेव्हा तुम्ही पडद्याकडे बोट दाखवलंत. समाधीपाशी जा, जे दिसतं ते लिहा. मराठेशाहीचे कागद वाचणाऱ्यांनी तिच्याबद्दल काय काढलंय ते वाचा. मग लिहा. गावच्या माणसाची साक्ष म्हणून लोक तुमचं खरं धरतील, म्हणून तुमची जबाबदारी जास्त.

आता मोबाइलमधून उतरवलेल्यांकडे वळते. 'उरस्त्राण हे एक प्रकारचे संरक्षणात्मक उपकरण आहे जे परिधान करणाऱ्याच्या वक्षस्थळाचे बाह्य आघातांपासून संरक्षण करते.' ही कुणाची भाषा? तुमच्या घरात, वाड्यात, बाजारात असं कोण बोलतं? वाक्य लिहिणाऱ्यालाही ते कळलेलं नाही, हे मला वहीवरूनच दिसतं, कारण 'आघातांपासून'चं 'आघाडीपासून' झालंय. न कळलेलं वाक्य तुम्ही सुवाच्य अक्षरात लिहून मला दिलंत. ते मी खोटं बोलण्यात धरते.

मराठीत, संस्कृतात शब्दांची कमी आहे का? अमरकोशाच्या क्षत्रियवर्गात कवचाची नावं ओळीने दिली आहेत. तनुत्र, वर्म, दंशन, उरश्छद, कंकटक, कवच. उरश्छद बघा, उराला झाकणारं ते. छद म्हणजे झाकण, आच्छादन. उरस्त्राणाचा सख्खा भाऊ तिथे बसलाय. 'वर्म' बघा. पल्लवांच्या राजांची नावं वाचता, नरसिंहवर्मन्, महेंद्रवर्मन्. वर्मा आडनावाची माणसं तुम्हाला भेटतात. तो वर्म म्हणजे कवच. पण मराठीत 'वर्मी घाव लागला' म्हणतो, तेव्हा नेमकं उलटं, जिथे कवच पुरत नाही ती नाजूक जागा. संस्कृतातलं 'मर्म' मराठीत येऊन 'वर्म' झालं, आणि एकाच रूपात ढालही बसली आणि दुखरी जागाही. असा शब्द हाताला लागला तर माणसाने रात्र जागवावी. तुमच्यापैकी कुणी जागलं नाही.

'सन्नद्ध' हा शब्द तुम्ही भाषणात वापरता. 'आम्ही सज्ज आणि सन्नद्ध आहोत.' नह् म्हणजे बांधणं. सन्नद्ध म्हणजे ज्याने अंगावर कवच आवळून बांधलंय तो. पायाला बांधायची ती उपानह्, तिचीच आपली वहाण झाली. म्हणजे तुमच्या दारातली वहाण आणि रणातला सन्नद्ध वीर एकाच धातूतून निघालेत. पुन्हा पायापाशीच आलो बघा.

आणि 'कवच' तर रोज संध्याकाळी म्हणता. रामरक्षा म्हणजे कवच आहे. डोक्यापासून पायापर्यंत एकेक अवयव घेऊन त्याच्यावर रामाचं एकेक नाव बांधलंय. कपाळ वेगळ्या नावाकडे, डोळे वेगळ्या, कान वेगळ्या. हृदय कुणाकडे दिलंय? जामदग्न्यजित्, परशुरामाला जिंकणारा. मी वर्गात विचारलं तेव्हा अख्खी रामरक्षा घडाघडा म्हणणाऱ्या मुलीला हृदयाचं नाव वेगळं काढून सांगता आलं नाही. पाठांतर छान आहे, पण आपण छातीवर काय बांधतोय हे म्हणताना कळायला नको का?

मागच्या बाकावर काय चाललंय? 'कंचुकी' म्हटल्यावर परवा तिथूनच खिदळण्याचा आवाज आला होता. उभे राहा दोघं. हसायला काय झालं ते मला सांगा. नाही सांगता येत? मग मी सांगते कंचुक म्हणजे काय, ते ऐका आणि मग हसून दाखवा.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दुसऱ्या अधिकरणात आयुधागाराच्या प्रमुखाने काय काय करवून ठेवायचं, त्याची यादी आहे. तिथे लोखंडाची जाळी आहे, लोखंडी पट्टे आहेत, सुताचं कवच आहे. गेंडा, हत्ती, बैल यांचं कातडं, खूर आणि शिंगं यांची कवचं आहेत. शिरस्त्राण आहे, कंठत्राण आहे, आणि त्याच ओळीत कूर्पास, कंचुक, वारवाण आहेत. म्हणजे कंचुक हा लढणाऱ्याच्या अंगावरचा पोशाख. पुढे नाटकात राजवाड्यातला म्हातारा अधिकारी कंचुकी झाला, कारण तो लांब कंचुक घालायचा. सापाची कातही कंचुकच. आणि बायकांची चोळीही कंचुकी, तिचंच बोलीत काचोळी. शिपायाची छाती झाकणारं आणि तुमच्या आईची छाती झाकणारं वस्त्र एकाच नावाने ओळखलं जातं, आणि त्यात लाजण्यासारखं किंवा हसण्यासारखं पूर्वजांना काही वाटलं नाही. हसू तुमच्या मनात आहे, शब्दात नाही. बसा खाली. पुन्हा असं हसू माझ्या वर्गात ऐकू येता कामा नये. या वर्गात मुली बसतात, त्यांनी तो शब्द मान वर करून वाचायचा आहे.

परदेशातही हेच झालंय. ग्रीक भाषेत 'थोरॅक्स' म्हणजे योद्ध्याच्या छातीवरचं चिलखत, आणि छातीही. आज डॉक्टर बरगड्यांच्या पिंजऱ्याला थोरॅक्स म्हणतात. विज्ञानाच्या तासाला टोळाची आकृती काढता, डोकं, वक्ष, उदर, त्यातलं वक्ष इंग्रजी पुस्तकात थोरॅक्स असतं. लॅटिनमध्ये चामड्याला 'कोरियम', त्यावरून फ्रेंचांचं छातीचं कवच 'क्विरास'. पोलादाचं झालं तरी नावात कातडं राहिलं. म्हणजे कौटिल्याच्या यादीतलं बैलाचं कातडं तिथेही होतंच.

कातड्यावरून आता खऱ्या रागाच्या गोष्टीकडे येते. शब्दाचं मी एक वेळ सोडून देईन, हे सोडणार नाही.

सोमवारी मी कार्यशाळेच्या दारावरून गेले. आत वेल्डिंग चाललं होतं. खिळ्याला चामड्याचे ॲप्रन टांगलेले, सगळेच्या सगळे. आणि आमचे वीर टेरिकॉटच्या शर्टात, वरची दोन बटणं उघडी, डोळ्याला काळी काच तेवढी धरून ठिणग्या उडवतायत. एकाच्या गळ्याखाली लाल चट्टा होता, इंग्रजी व्हीच्या आकाराचा. उन्हाने झालाय म्हणाला. उन्हाने नाही बाबा. आर्कमधून जे अतिनील किरण निघतात त्यांनी कातडी भाजते, उन्हापेक्षा कितीतरी लवकर, उघड्या बटणाच्या आकारात. आणि टेरिकॉटवर ठिणगी पडली तर कापड नुसतं जळत नाही, वितळून अंगाला चिकटतं. ओढलं तर कातडीसकट निघतं. जाड चामड्यावर तीच ठिणगी पडते, काळी होते, खाली घरंगळते. म्हणून ते चामडं टांगलेलं होतं.

त्याच मुलाने वहीत काय लिहिलंय? 'उरस्त्राण ही प्राचीन काळातील वस्तू असून आज तिचा वापर होत नाही.' तुझं उरस्त्राण हाताच्या अंतरावर खिळ्याला होतं रे! तू ज्याला ॲप्रन म्हणतोस तेच ते. ॲप्रन म्हणजे डॉक्टरचा पांढरा डगला, एवढंच तुम्हाला ठाऊक, कारण आपल्याकडे त्यालाच ॲप्रन म्हणायची सवय पडली. मूळ फ्रेंच 'नाप' म्हणजे टेबलावर अंथरायचं कापड. त्याचं लहान रूप 'नाप्रों'. इंग्रजांनी त्याचं 'नॅप्रन' केलं, मग 'अ नॅप्रन' म्हणता म्हणता 'न' पहिल्या शब्दाला चिकटला आणि 'ॲन ॲप्रन' झालं. नॅपकिन त्याच कुळातला, तिथे 'न' जागेवर राहिला. हातरुमालाच्या भावाला आपण आगीपुढे उभं करतो, आणि तो उभा राहतो, जर अंगावर असेल तर.

हे कुठे चाललंय? पाबळात! डॉ. श्रीनाथ कलबाग अमेरिकेत इलिनॉयला पीएच.डी. करून आले, हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात मोठ्या हुद्द्यावर होते. ते सोडून ते या कोरडवाहू गावात आले आणि १९८३ साली इथे विज्ञान आश्रम काढला. कशासाठी? हाताने काम करता करता पोरांना डोकं चालवता यावं म्हणून. वेल्डिंग, सुतारकाम, शेती, वीज, स्वयंपाक, सगळं शिक्षण म्हणून. एमआयटीच्या बाहेर ज्या पहिल्यावहिल्या फॅब लॅब, म्हणजे वस्तू घडवायच्या प्रयोगशाळा, निघाल्या त्यांतली एक २००२ साली इथे आली. जगभरची माणसं पाबळ हे नाव त्यामुळे ओळखतात. २००३ साली कलबाग गेले. त्यांच्या गावात मुलं काम करताना ॲप्रन घालत नाहीत आणि गृहपाठात उरस्त्राण इतिहासजमा झालं म्हणून लिहितात. हाताने केलेलं डोक्यापर्यंत पोचत नाही आणि डोक्यात घातलेलं हातापर्यंत येत नाही, तर मग आपण इथे दोघं, तुम्ही आणि मी, काय करतोय?

शेतातही तेच. रविवारी वडिलांबरोबर कांद्यावर, डाळिंबावर फवारणीला जाता. अंगात बनियन. पाठीवर पंप, नळी पुढे धरलेली, आणि चालता त्या दिशेलाच औषधाचं धुकं. छाती, पोट, मांड्या ओल्या होतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर गेले. कपाशी माणसाएवढी वाढलेली, फवारा छाती-तोंडावर येत होता. कातडीतून विष आत जातं, त्याला तोंडातून जावं लागत नाही. छातीवर न झिरपणारं जाड प्लॅस्टिकचं झाकण बांधा, पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, नाकावर मास्क बांधा, फवारणी झाल्यावर साबणाने अंग धुवा, वाऱ्याकडे तोंड करून फवारू नका. हे वडिलांना सांगायचं धाडस नसेल तर माझं नाव सांगा, बाईंनी सांगितलंय म्हणा. भांडायला आले तर मी आहे.

पोलिसांच्या, जवानांच्या अंगावरची बुलेटप्रूफ जाकिटं तुम्ही चित्रात काढता. त्यात काय असतं हे एकानेही लिहिलं नाही. १९६५ साली ड्यूपॉन्ट कंपनीत स्टेफनी क्वोलेक नावाच्या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी एक धागा शोधला, त्याचं पुढे केवलर झालं. सारख्या वजनाच्या पोलादापेक्षा तो पाचपट बळकट. त्याच्या कापडाचे पदर एकावर एक रचतात, गोळी प्रत्येक पदरात थोडी थोडी अडते आणि थांबते. पदरावर पदर. चिलत्याच्या चाळीस घड्या आठवतात का? आपल्या बहुतेक मराठा स्वारांना लोखंडी चिलखत परवडत नव्हतं, घोड्यालाही ते ओझं सोसत नव्हतं. ते कापूस भरून टाचलेला जाड डगला घालत. तोही पदरावर पदर. लोखंड, कातडं, कापूस, केवलर, माणसाने हाताशी जे असेल ते छातीवर बांधलं, कारण आतमध्ये जे आहे त्याची दुरुस्ती होत नाही हे त्याला कळत होतं. तुमच्या उघड्या बटणांना ते कळत नाही.

आता वह्या घेऊन जा. कुणालाही गुण दिलेले नाहीत, शून्यही नाही. सगळ्यांनी काम पुन्हा करायचं. शब्द प्रत्येकाला वेगळा. पहिल्या रांगेने त्राण जोडलेले शब्द घ्यायचे, पाद, शिर, कंठ, उर, आणि आपापल्या घरात त्यातलं काय काय वापरात आहे ते लिहायचं. मधल्या रांगेने चिलखत, बख्तर, जिरे, चारआईना. कोशाचा खंड आणि पान लिहिल्याशिवाय ओळ धरणार नाही. खिडकीकडच्या रांगेने तनुत्र, वर्म, कवच, कंचुक. मागच्या बाकावरच्या त्या दोघांनी कंचुक, आणि वर्गापुढे उभं राहून वाचायचा. समाधीवर लिहिणारी जी कुणी असेल तिने आधी तिथे जाऊन यायचं. आजीला विचारलं असेल तर 'आजीने सांगितलं' असं लिहायचं, तीही साक्ष आहे, लपवू नका. मोबाइलमधून घेतलंत तर ते तुमच्या बोलीत मला समजावून सांगता आलं पाहिजे. नाही आलं तर पान फाडायचं.

कपाटाची किल्ली शिपाईमामांकडे आहे, मधल्या सुट्टीत ते उघडून देतील. खंड जड आहेत, दोन्ही हातांनी धरा आणि पुसून घ्या. आणि कार्यशाळेत शुक्रवारपासून ज्याच्या अंगावर ॲप्रन नसेल, ज्याच्या गळ्याचं बटण उघडं असेल, त्याला दारातून परत पाठवायचं, असं मी तिथल्या सरांशी बोलून ठरवलंय. घंटा झालेली ऐकू आली मला. पहिल्या बाकावरून एकेक जण या, वही घ्या, आणि जाताना तुमचा शब्द माझ्याकडे मोठ्याने उच्चारून दाखवा.